कौल मनाविरुद्ध गेला तरी मानायचा का? – ब्रेक्झिटला दहा वर्षं होताना

स्लाऊकर:
२३ जून २०१६ चा गुरुवार मला अजून लख्ख आठवतो, ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं (रिमेन) की सोडायचं (लीव्ह) याचं सार्वमत. दिवसभर धो धो पाऊस, लंडनच्या गाड्यांचा बोऱ्या वाजलेला, मी आणि बायको संध्याकाळी एकाच छत्रीत जवळच्या प्राथमिक शाळेत मत द्यायला गेलो. आम्हाला इथे येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, पासपोर्ट भारतीयच, पण कॉमनवेल्थवाले म्हणून मतदानाचा हक्क होता. नाव-पत्ता सांगितला, बाईंनी यादीवर पट्टी ठेवून रेघ ओढली, मतपत्रिका हातात दिली. बोटाला शाई नाही, शिक्का नाही, आडोशाला दोरीनं बांधलेली एक बुटकी पेन्सिल. बायको म्हणाली, अहो पेन्सिलनं? कोणी खोडलं तर?

आम्ही दोघांनी रिमेनला फुली मारली. सकाळी उठलो तर हरलो होतो. देशात ५१.९ विरुद्ध ४८.१, लंडनजवळच्या आमच्या स्लाऊत तर ५४ टक्के लीव्ह. मी चिडलो होतो. पुन्हा मतदान घ्या म्हणून जो ऑनलाइन अर्ज होता, ज्यावर ४० लाखांवर सह्या झाल्या, त्यात माझीही आहे. ऑक्टोबर २०१८ च्या लंडनच्या मोर्चात पोरीला खांद्यावर घेऊन चाललोय.

आणि आज मला वाटतं की ती माझी चूक होती. मत चुकीचं नव्हतं, रिमेनच बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. पण हरल्यावर परत विचारा परत विचारा म्हणणं, ते चुकलं.

आमच्या शेजारी एक म्हातारबाबा आहेत, इंग्लिश, सगळा जन्म कारखान्यात गेला, कुंपणावरून टोमॅटो देतात दर उन्हाळ्यात. त्यांनी लीव्हला मत दिलेलं. मोर्च्याहून आलो तर ते बागेत होते, माझ्या हातातला बोर्ड बघितला आणि शांतपणे एवढंच म्हणाले, मग मला विचारलंत कशाला? मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. म्हणून इथे विचारतोय. तुम्ही हरलात, निकाल देशाच्या वाईटाचा आहे असं मनापासून वाटतंय, तरी तो मानायचा का? आणि मानायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

गोदाकाठ:
लेखन आवडलं दादा पण कायद्याची बाजू मांडतो. ते सार्वमत कायद्यानं बंधनकारक नव्हतंच, सल्ल्यापुरतं होतं. २०१५ च्या कायद्यात निकाल लागल्यावर सरकारनं काय करायचं याबद्दल चकार शब्द नाही. याउलट २०११ ला त्यांनी मतदानपद्धत बदलायची का यावर सार्वमत घेतलं होतं, त्यात हो आलं तर मंत्र्यानं बदल लागू करायचाच अशी कायद्यात सोय केलेली होती. म्हणजे बंधनकारक कसं करायचं ते त्यांना माहीत होतं, इथे केलं नाही. म्हणूनच जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध ३ नं सांगितलं की बाहेर पडायची नोटीस द्यायला संसदेचा कायदा लागेल, नुसत्या सार्वमतावर सरकार ती देऊ शकत नाही.

तेव्हा संसदेनं आपली अक्कल वापरायची नाही तर मग ती कशाला?

मसालेभात:
वकीलसाहेब, कागदावर असेल सल्ला. माझ्या दारात एप्रिलमध्ये सरकारी पत्रक आलं होतं, सगळ्या घरांत टाकलं होतं, त्यात छापलेलं की निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. ते पत्रक रिमेनच्या बाजूचं होतं हे पण ध्यानात घ्या. मालकानं नोकराला शब्द दिला तर तो स्टँपपेपरवर नव्हता म्हणून मोडायचा का?

मी लीव्हवाला. बर्मिंगहॅम. आमच्या गावात जेमतेम ३,८०० मतांनी लीव्ह जिंकलं त्यात माझं एक. इथल्या मराठी कार्यक्रमांत मी हे सांगायचं टाळायचो कारण लगेच लोक असं बघायचे जसं काय मी कोणाच्या घराला काडी लावली. माझं कारण सांगतो. मी आचारी माणूस. तवा, कढई, तंदूर यात २२ वर्षं गेली. सांगलीहून माझ्या मावसभावाला, चांगला हात आहे त्याचा, इथे आणायचं म्हणून ३ वर्षं धडपडलो, पगाराची अट, कागद, फी, जमलं नाही. आणि युरोपातला कोणीही उद्या सकाळी येऊन माझ्या शेजारी कांदा कापायला उभा राहू शकतो. त्याच्यावर राग नाही हो, त्या पोलिश पोराला वरण-भात मीच शिकवला, पण नियम दोघांना एक का नाही एवढंच. तेव्हा प्रचारात सांगत होते की बाहेर पडलो की करी हाऊसना आचारी आणणं सोपं होईल.

भाऊ आला नाही तो नाहीच. नंतर व्हिसे कंप्युटरवाल्यांना मिळाले, नर्सना मिळाले. फसवलं म्हणा. पण मला जास्त लागलं ते हे की साडेतीन वर्षं टीव्हीवर शिकलेली माणसं सांगत होती, यांना कळलं नाही काय मत दिलं ते. मला कळलं होतं.

स्लाऊकर:
मसालेभात, तुम्ही हे लिहिलंत म्हणून धन्यवाद. मी त्या बघणाऱ्यांपैकीच होतो. माफ करा.

मसालेभात:
अहो माफी कसली. कधी बर्मिंगहॅमला आलात तर जेवायला या.

चिंचपेटी:
येताना आम्हालाही घ्या, मसालेभात करणाऱ्याचाच आयडी मसालेभात असेल तर हुकमी बेत आहे 🙂

पेडण्याची_पोर:
मी या धाग्यावर लिहू की नको असं झालेलं. मी गोव्याची, स्विंडनला राहते. इथे आमची गोवेकार माणसं भरपूर, गोदामांत, कारखान्यांत, हॉस्पिटलात. माझा पासपोर्ट पोर्तुगीज, कारण आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांच्या नोंदीवरून बाबांचा झाला, मग माझा. २०१६ ला मला इथे नऊ वर्षं झाली होती, टॅक्स भरत होते, मुलगा इथेच जन्मला. मला मत नव्हतं. युरोपियन नागरिकांना नव्हतंच, आयरिश, माल्टा आणि सायप्रस सोडून. आणि माझी सख्खी मावसबहीण दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंडियन पासपोर्टवर आलेली, तिला मत. एकाच घरातल्या दोघी. ती मला फोन करून विचारते, ताई कोणाला देऊ गो? जिच्या राहण्या-जाण्याचा प्रश्न ती स्वयंपाकघरात उभी आणि जिला काही फरक नाही तिच्या हातात पेन्सिल.

स्विंडनमध्ये लीव्ह जिंकलं, ५४.७. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर सुपरवायझर बाई, तिनंही लीव्हलाच दिलेलं, मला मिठी मारून म्हणाली तुझ्याबद्दल नव्हतं हां ते. मी काय बोलणार.

मग ते सेटल्ड स्टेटसचं, म्हणजे युरोपियन नागरिकांना इथे कायम राहायची परवानगी. फोनवर पासपोर्ट ठेवून स्कॅन करायचा, आणि अ‍ॅप सुरुवातीला फक्त अँड्रॉइडवर चालायचं. आमच्या घरात आयफोन. शेजारणीचा फोन मागून आणला, रात्री साडेअकराला किचनच्या ओट्यावर पासपोर्टावर फोन सरकवत बसलेय, लागेना, कव्हर काढलं तेव्हा लागलं. पहिल्यांदा ६५ पौंड फी पण ठेवलेली, ती नंतर काढून टाकली. जिथे बारा वर्षं राहिले तिथे राहू द्या म्हणून अर्ज.

तरी मी सांगते, निकाल मानला ते बरोबर केलं. पण ज्यांना विचारलंच नाही त्यांना आधी शब्द द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही राहा, तुमचं काही बदलणार नाही. तो शब्द यायला किती महिने गेले, आमच्यातली कितीतरी माणसं तोवर झोपली नाहीत.

गोदाकाठ:
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. मत कोणाला द्यायचं हे ठरलं तिथेच निम्मा निकाल ठरतो, हा मुद्दा कोर्टाच्या चर्चेत माझ्या डोक्यातून पार निसटला होता.

म्हापसेकर_काका:
पेडण्याचे बाय, तुझा निरोप वाचला आणि आमचा ओपिनियन पोल आठवला. आता ७५ वर्षांचा आहे मी, तेव्हा सोळा वर्षांचा होतो, मत नव्हतं मलाही. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आमचं घर फुलाचं. वडील शाळामास्तर, घरात सगळी पुस्तकं मराठी, नाटकं मराठी, त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. शेजारच्या घरावर दोन पानं रंगवलेली. मधे एक विहीर, दोन्ही घरांची. त्या महिन्यात दोन्हीकडच्या बायका पाणी काढायला वेगवेगळ्या वेळी जायच्या, एवढं विकोपाला गेलं होतं.

भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, ते विलीनीकरणाचे. पण सत्तेवर राहून कौल घेतला तर कोण विश्वास ठेवील, या मागणीवरून त्यांनी डिसेंबरात राजीनामा दिला आणि कौल केंद्राच्या कारभारात झाला. निकाल लागला, विलीनीकरणाला १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी आम्ही हरलो. वडील रडले. रेडिओ बंद केला आणि परसात जाऊन बसले.

आता यातलं खरं ऐका. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी त्याच भाऊसाहेबांना परत निवडून दिलं. म्हणजे विलीनीकरण नको पण मुख्यमंत्री तूच हवास. आणि त्या माणसानं तो निकाल मानून पुढं राज्य केलं. वडिलांनी मरेपर्यंत मत बदललं नाही, पण कौल परत घ्या असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. विहिरीवर पाडव्यापर्यंत सगळं सुरळीत झालं.

चिंचपेटी:
काका सलाम. पण एक राहवत नाही, दोन पानं जिंकली म्हणजे गोव्यातही लीव्ह्जच जिंकले की!

म्हापसेकर_काका:
हा हा, शाब्बास. पण त्या पानांचा अर्थ आहोत तिथेच राहू असा होता हां.

लिफीकाठी:
मी डब्लिनला असते. इथला अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. आयर्लंडनं लोक नाही म्हटल्यावर दोन वेळा परत विचारलंय. युरोपियन युनियनचा नीसचा करार २००१ ला नाही, २००२ ला हो. लिस्बनचा २००८ ला ५३ टक्के नाही आणि २००९ ला ६७ टक्के हो. तेव्हा स्लाऊकर, परत विचारणं म्हणजे अपमानच असं मला वाटत नाही. मधल्या काळात इथल्या सरकारनं लोक नाही का म्हणाले ते शोधलं. तटस्थता जाईल का, कर युरोप ठरवेल का, युरोपच्या कमिशनमधला आपला माणूस जाईल का, गर्भपाताचा कायदा बदलायला लावतील का. त्यावर युरोपकडून हमी घेऊन आले आणि मग विचारलं की आता काय म्हणता. तरी माझ्या ऑफिसातले एक आजोबा अजून म्हणतात, उत्तर आवडेपर्यंत विचारत बसले.

दुसरं म्हणजे इथे सार्वमत घटनेतल्या मजकुरावर होतं. हो म्हटलं तर कुठलं वाक्य जाणार, कुठलं येणार ते आधी छापलेलं असतं. ब्रेक्झिटला काय होतं? राहायचं की सोडायचं. सोडून कुठे जायचं ते कोऱ्या कागदावर.

कोथरूडचा_बाळ:
कोऱ्या कागदावरून आमच्या सोसायटीचं सांगतो, विषयांतर वाटलं तर वाटू दे. २४ फ्लॅटची जुनी बिल्डिंग, रिडेव्हलपमेंट करायचं का यावर सर्वसाधारण सभा. आता ५१ टक्के संमती पुरते. १४ हो, १० नाही. पेढे वाटले. आणि मग सुरू झालं. हो म्हणणाऱ्या १४ मधल्या पाच जणांना मोठा फ्लॅट हवा होता म्हणून हो, चार जणांना लिफ्ट हवी होती म्हणून हो, तिघांना कॉर्पस फंडातून पैसे हवे होते आणि दोघे अध्यक्षांच्या भिडेखातर. कुठल्याही बिल्डरचा प्रस्ताव आणा, त्यातले निम्मे म्हणायचे हे नाही, आम्ही याला हो म्हटलं नव्हतं. चार वर्षं गेली. एक प्रस्ताव तर तीनदा सभेपुढं आणला आणि तीनदा पडला.

पण म्हणून ते १० जण म्हणाले की बघा, तुमच्यात एकमत नाही म्हणजे ठराव रद्द, तर ते पण आम्हाला कोणालाच पटलं नाही. ठराव ठराव होता. माझं मत नाही होतं, हे सांगायला हवं. शेवटी मीच त्या समितीत गेलो, म्हटलं जायचंच आहे तर करारनामा तरी नीट वाचू, भाडं वेळेवर देईल का ते तरी बघू. मी नसतो तर आईच्या व्हीलचेअरला रॅम्प राहून गेला असता.

स्लाऊकर:
बाळासाहेब, तीनदा पडला हे वाचून अंगावर काटा आला. अगदी तेच इथे झालं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ ला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ नं पडला, मार्चमध्ये दोनदा परत पडला. तो पाडणाऱ्यांत कट्टर लीव्हवाले होते, आणि आम्ही रिमेनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटायचं की हा पडला की सगळंच पडेल आणि आपण राहू. झालं काय? डिसेंबर २०१९ ला निवडणूक, बोरिस जॉन्सनना ८० जागांचं बहुमत, आणि जे मिळालं ते मे यांच्या करारापेक्षा जास्त लांब नेणारं. सिंगल मार्केट (युरोपची सामायिक बाजारपेठ) नाही, कस्टम्स युनियन (आपसात जकात नसलेला गट) नाही. मी हरल्या दिवसापासून मऊ ब्रेक्झिट मागितलं असतं, नॉर्वेसारखं काही, युनियनबाहेर पण सिंगल मार्केटमध्ये, माझ्यासारखे लाखभर लोक त्याच्या मागे उभे राहिले असते, तर पेडण्याच्या ताईचा प्रश्नच आला नसता. आम्ही समितीत गेलोच नाही. बाहेर उभं राहून घोषणा दिल्या.

एडिनबरा_ऊन:
एक मिनिट. लाखभर लोक हवे होते म्हणताय पण ते ऐकणार कोण होतं? स्कॉटलंडनं ६२ टक्के रिमेन दिलं. एकूण एक ३२ विभागांत रिमेन. इथल्या सरकारनं डिसेंबर २०१६ लाच कागद दिला होता की बाहेर पडा पण सिंगल मार्केटमध्ये राहा, नाहीतर निदान आम्हाला राहू द्या. कोणी उघडून बघितला? जानेवारीत मे यांचं भाषण, सिंगल मार्केटमधून बाहेर, विषय संपला. ४८ टक्क्यांना तेव्हा कोणी विचारलं असतं तर मोर्चे निघालेच नसते. जिंकणाऱ्यांचं पण काही कर्तव्य असतं की नाही.

आणि फरक किती, १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. एवढ्या मोठ्या बदलाला काही अट नको? १९७९ ला स्कॉटलंडच्या असेंब्लीसाठी सार्वमत झालं तेव्हा लंडननं अट घातली होती, एकूण मतदारांपैकी ४० टक्के हो हवेत. ५१.६ टक्के हो आलं, पण सगळ्या मतदारांच्या हिशोबात ते ३३ टक्क्यांच्या आत, म्हणून बाद. तीच अट २०१६ ला लावली असती तर लीव्ह ३७-३८ टक्क्यांवर अडकलं असतं. माझ्या शेजारची आजी हे अजून विसरलेली नाही.

मसालेभात:
अट आधी सांगा की मग. खेळ संपल्यावर विकेट मोठी होती म्हणू नका.

एडिनबरा_ऊन:
हे मात्र मान्य. आधीच घालायला हवी होती. माझा राग तिथेच आहे, ज्यांनी हे मतदान घेतलं त्यांना हरू असं वाटलंच नव्हतं म्हणून काहीच ठरवून ठेवलं नाही. निकालाच्या सकाळी पंतप्रधान राजीनामा देऊन मोकळे.

नांदेडी_पान:
मराठी माणसाला ब्रेक्झिटचं काय करायचंय? आपले प्रश्न कमी आहेत का

लिफीकाठी:
नांदेडी_पान, वरती काकांचा प्रतिसाद वाचा. विहिरीवर वेगवेगळ्या वेळी पाणी भरणं हा कुठल्या देशाचा प्रश्न आहे सांगा.

म्हापसेकर_काका:
एक भर घालतो, कारण मी फार गोड करून सांगितलं असं रात्री वाटलं. आमच्याकडे दोन्ही गोष्टी समोर स्पष्ट होत्या. महाराष्ट्र म्हणजे काय ते दिसत होतं, केंद्रशासित म्हणजे काय ते आम्ही जगत होतो. कोरा कागद नव्हता, म्हणून मानणं सोपं गेलं. आणि जिंकलेल्यांचंही पुढं लगेच सगळं झालं नाही. घटकराज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडलं, वीस वर्षं. भाषेवरून परत पेटलं ते वेगळंच. पण त्या सगळ्या भांडणात जानेवारी ६७ चा कौल खोटा होता असं म्हणून कोणी उभं राहिलं तर त्याला लोक ऐकत नव्हते. कारण फुलाच्या नेत्यानं खुर्ची सोडून तो होऊ दिला होता.

एडिनबराच्या मुला, तू जिंकणाऱ्यांचं कर्तव्य म्हणालास ते बरोबर आहे. शेजारच्या दोन पानांच्या घरातून निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सान्नां (तांदळाची वाफवलेली, इडलीसारखी) आली होती. आईनं रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं म्हणून त्यात गूळ घातला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत पण भांडं त्यांनी स्वतः नेऊन दिलं.

गोदाकाठ:
मी सुरुवातीला सल्ला-सल्ला करत होतो, ते थोडं बदलतो. कायद्यानं संसद मोकळी होती, हे अजूनही म्हणतो. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये नोटिशीच्या विधेयकावर खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ नं हो म्हटलं. त्या दिवशी तो सल्ला त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्यानंतर यातून मार्ग काढणं हे त्यांचं काम होतं, मसालेभातांना कळलं होतं की नाही हे विचारणं त्यांचं काम नव्हतं. परत विचारायचंच तर लिस्बनसारखं, नवा मजकूर हातात घेऊन. तेवढी फट मी ठेवेन.

स्लाऊकर:
ती फट मलाही ठेवावीशी वाटते. पोरगी आता अकरा वर्षांची आहे, उद्या तिच्या पिढीनं युरोपात परत जायचं म्हटलं आणि त्यासाठी रीतसर मत मागितलं तर मी पहिला जाईन. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी युरोपात राहायचं ठरलं, ४१ वर्षांनी उलट ठरलं, परत बदलू शकतं. पण आधीचं अमलात येण्याआधीच पुसू नका म्हणणाऱ्या म्हातारबाबांना मी बोर्ड दाखवायला नको होता. गेल्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन हे सांगून आलो. ते म्हणाले त्यांनाही आता खात्री नाही की त्यांनी मागितलेलं हेच होतं का. मग बराच वेळ आम्ही टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधल्या.

@पेडण्याची_पोर, ताई, तुमचं पुढे काय झालं? स्टेटस मिळालं ना?

पेडण्याची_पोर:
मिळालं हो. मग २०२१ ला ब्रिटिश सिटिझन पण झाले. ४ जुलै २०२४ ला पहिलं मत दिलं इथे. सकाळची शिफ्ट होती म्हणून सातलाच गेले, लाइनीत तिसरी. आता फोटोचं ओळखपत्र लागतं, मी पासपोर्ट न्यायला विसरले आणि परत पळत घरी जाऊन आणला, मुलगा हसत होता. माझ्या मागे ती सुपरवायझर बाई उभी, तीच. ती म्हणाली कोणाला देणार, मी म्हटलं सांगणार नाही.

स्लाऊकर:
आणि पेन्सिल?

पेडण्याची_पोर:
तीच ती बुटकी, दोरीला बांधलेली. मी फुली दोनदा गिरवली.